बिनतेलाची पणती

दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो की पहिली पणती दारात लागण्याआधी आमच्या लेखणीत लागते. पणती, आकाशकंदील आणि चिरोटे यांच्यावर लिहून लिहून हे सदर इतके तुपकट झाले आहे की, यंदा पणतीचे नाव काढायचे नाही असे मी घरात जाहीर करून टाकले होते. सौभाग्यवती त्यावर फक्त "बघू" म्हणाल्या. त्यांच्या "बघू"चा अनुभव मला चांगला आहे. आज कागद पुढे ओढला आणि पाहतो तो पुन्हा पणतीच समोर! फरक इतकाच की, या पणतीत तेल नव्हते, वात नव्हती, आणि तिच्यापायी आमच्या आक्काला घरच्या मंडळींनी जवळजवळ वेड्यात काढले होते.

आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी; पंचाहत्तरीला आलेली. राहते पोलादपूरला. महाड सोडून मुंबई-गोवा रस्त्याने दक्षिणेला निघाले की अठरा-वीस किलोमीटरवर पोलादपूर लागते. तिथून डावीकडचा फाटा आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो. बहुतेक वाचक या गावातून गेलेले असतील आणि गाडीतून उतरले असतील ते फक्त चहापुरते. गावात कवींद्र परमानंदांची समाधी आहे आणि तालुक्यात तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आहे, हे त्या चहाच्या घोटात ध्यानात येत नाही. असो.

आक्काचे दीर महाडला, बाजारपेठेच्या अंगाला राहतात. सावित्री आणि गांधारी यांच्या पाण्याचा महाडला सराव आहे. पायरी बुडाली की सामान माळ्यावर चढवायचे ही तिथली रीतच. परंतु 2021च्या जुलैत, 21 आणि 22 तारखांना, जे पाणी आले त्याने माळ्यालाही विचारले नाही. माणसे वाचली, हेच पुष्कळ. त्याच दिवसांत तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली होती. पाणी उतरल्यावर दिरांच्या ट्रंकेतून फोटोंचे अल्बम निघाले ते चिखलात बुडालेल्या विटांसारखे. पान उघडू गेले की एका पानावरचा नवरदेव दुसऱ्या पानावरच्या बारशाला चिकटून येई. तीन पिढ्यांचे चेहरे एका रात्रीत पुसले गेले.

त्या धसक्याने कुटुंबातल्या ज्याच्या भिंतीवर जो फोटो शिल्लक होता तो गोळा करायचे ठरले. हे काम आक्काच्या नातीने अंगावर घेतले. ती पुण्याला एका कंपनीत संगणकावर वेबसाइटी रचण्याचे काम करते. तिने घरच्या मंडळींपुरती एक वेबसाइट बांधली, सगळे फोटो त्यात चढवले आणि सोय अशी केली की, फोटोतल्या चेहऱ्यावर नेम धरून माऊसची कळ दाबली की शेजारी चौकट उघडते. त्यात नाव लिहायचे. पुढे कोणीही त्या चेह‍ऱ्याशी आला की नाव आपोआप दिसते.

फोटो पुष्कळ होते, पण हिरा होता एकच. पोलादपूरच्या शाळेचा 1964 सालचा समूह-फोटो. तो आक्काच्या ओटीवर उंच टांगलेला म्हणून राहिला. मागे उभी मुलांची रांग, सतरा जणांची. मधे खुर्च्यांवर मास्तर मंडळी. पुढे जमिनीवर मांडी घालून मुली. डाव्या कडेला शाळेच्या पडवीचा लाकडी खांब. मुलींत तेरा वर्षांची आक्का आहे. मागच्या रांगेत आमचे भावोजीही आहेत. तेव्हा अर्थात ते कोणाचेच भावोजी नव्हते. या फोटोतली सगळी माणसे ओळखणारे हयात असे माणूस आता एकच, आक्का.

आता मला थोडे यंत्राकडे वळावे लागणार. माऊस हलवला की पडद्यावर जो बाण हलतो त्याला कर्सर म्हणतात, हे आता पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ "धावणारा". मी नकाशे काढण्यात जन्म घालवलेला ड्राफ्ट्समन. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आमच्या खिशात स्लाइडरूल असे. तिच्यावर सरकणारी काचेची चकती आणि त्या काचेवर केसासारखी एक बारीक रेघ. त्या चकतीलाही कर्सरच म्हणत. काच केवढी, चौकट पितळेची की प्लॅस्टिकची, याला काडीचे महत्त्व नव्हते. आकडा वाचायचा तो त्या केसाखालचा. केस सरकला की पूल कोसळला!

पडद्यावरच्या बाणाचेही तसेच आहे. डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन संशोधकाने 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस भर सभेत चालवून दाखवला. पहिला माऊस तर लाकडी खोक्याचा होता. त्या काळात पडद्यावरचा बाण सरळ वर टोक करून उभा असे. पुढे झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत तो डावीकडे कलला, कारण त्या वेळच्या जाड्याभरड्या ठिपक्यांच्या पडद्यावर उभ्यापेक्षा तिरका बाण स्वच्छ उमटे. तेव्हापासून तो तसाच कललेला आहे, आणि त्याचे टोक डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात असते. हा कोपरा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्यानेच घात केला.

वेबसाइट बांधणाऱ्याला हा बाण काढून त्या जागी आपले चित्र बसवता येते. तशी सोय वेबपानांच्या सजावटीचे जे नियम 1998 साली ठरले त्यांतच आहे. मग काय विचारता! कुठे बाणामागे चांदण्यांचे शेपूट धावू लागले, कुठे बाणाचे फुलपाखरू झाले. "कॉमेट कर्सर" नावाचा एक प्रोग्राम तर त्या काळी लोकांनी हौसेने घेतला होता. वेबसाइट बदलली की बाणाचे रूप बदलायचे. 1999 साली उजेडात आले की, तो वापरणारी माणसे कोणकोणत्या वेबसाइटींवर फिरतात याची नोंद त्या कंपनीकडे जात होती. फुकटची अंगठी बोटात घालून घ्यावी आणि तिला दोरी बांधलेली निघावी, त्यातला प्रकार.

सगळीच चित्रे टाकाऊ असतात असे मात्र मी म्हणणार नाही. रायगडाचा नकाशा पडद्यावर उघडला की बाणाचा पंजा होतो आणि कळ दाबून धरली की त्याची मूठ वळते. नकाशा आता धरून ओढता येईल, हे न सांगता कळते. मजकुरावर आले की बाणाची उभी बारीक काडी होते, म्हणजे दोन अक्षरांच्या फटीत नेमके शिरता येते. 1984 सालच्या मॅकिंटॉशवर सुझन केअर या चित्रकर्तीने काढलेले मनगटी घड्याळ होते. ते दिसले की समजावे, यंत्र कामात आहे, जरा दम धरा. ही चित्रे काहीतरी सांगतात. फुलपाखरू काय सांगते ते मला आजवर उमगलेले नाही.

तर गेल्या दिवाळीत आमच्या नातीला हौस आली. वेबसाइटवर बाणाच्या जागी तिने पणती बसवली. त्यात निव्वळ हौस नव्हती, थोडी मायाही होती. आक्काच्या डोळ्यांना कमी दिसते. तिच्या संगणकावर मुलाने बाण मोठा आणि काळा करून दिला होता. परंतु वेबसाइटने स्वतःचे चित्र आणले की आपण मोठा करून ठेवलेला बाण बाजूला राहतो आणि ते चित्र आपल्याच मापाने येते. नेहमीच्या चित्राचे माप 32 ठिपके. तेवढीशी पणती आजीला दिसायची नाही म्हणून पोरीने ती 96 ठिपक्यांची काढली. (क्रोम आणि फायरफॉक्स 128 ठिपक्यांपर्यंतच चित्र घेतात, नाहीतर तिने समई उभी केली असती.) खाली मातीचा दिवा आणि वर मधोमध पिवळी ज्योत. आक्का हरखली. "अगं, ही ज्योत कशी माझ्या हाताबरोबर चालते!" म्हणून तिने शेजारणींना बोलावून दाखवली.

दिवाळीच्या सुट्टीत आक्का संगणकापुढे बसली. शेजारचा आठवीतला मुलगा टंकायला. आक्काने ज्योत चेहऱ्यावर न्यायची, कळ दाबायची आणि नाव सांगायचे; त्याने लिहायचे. चार दुपारी हे चालले. नुसती नावे नाहीत. हा पुढे मुंबईला गिरणीत गेला, हिला माणगावला दिली, याचा आवाज गोड होता, असे सगळे. भावोजींवर ज्योत आली तेव्हा मात्र आक्का अडली. भावोजींना जाऊन सहा वर्षे झाली, पण उखाण्याबाहेर त्यांचे नाव आक्काने जन्मात घेतलेले नाही. ती म्हणाली, "हे... हे आपले हे." पोराने इमानेइतबारे लिहून घेतले, "हे आपले हे".

आणि मग फोन सुरू झाले. ठाण्याची पुतणी, डोंबिवलीचा भाचा, महाडचे दीर. सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर फोटो उघडला होता. मोबाइलवर बाण नसतो, पणतीही नसते. तिथे बोटच चालते. म्हणून नातीने तिथे प्रत्येक नावाच्या जागी एक तांबडा ठिपका ठेवला होता. ठिपक्यावर बोट टेकले की नाव दिसायचे. आणि नावे पाहावीत तर सगळा गोंधळ! महाडच्या दिरांना आपला सख्खा भाऊ ओळखता येतोच की. त्याच्यावर नाव भलत्याचेच. आणि शाळेतला सगळ्यांत वांड पोरगा, ज्याला मास्तरांनी दोनदा घरी पाठवला होता, त्याच्यावर "हे आपले हे"!

प्रथम हसाहशी झाली. मग कोणीतरी हळूच म्हणाले, "आक्कांचं हल्ली जरा..." आणि वाक्य अर्धेच सोडले. अर्ध्या सोडलेल्या वाक्यांइतकी वाईट वाक्ये मराठीत नाहीत. आक्काला विचारले तर ती ठणकावून सांगे, "मी दहा वेळा पाहिलंय, सगळं बरोबर आहे." तिने खरेच पाहिलेले असे. लोकांना वाटे, हट्ट. हेही त्याच दुखण्याचे लक्षण. संक्रांतीपर्यंत पुण्याच्या डॉक्टरांकडे न्यायचे घाटू लागले. भाच्याने बँकेचे पासबुक आणि कपाटाची किल्ली आपल्याकडे घेतली. वाईट हेतूने नव्हे, काळजीनेच.

माघात मी वरंध घाटाने महाडला उतरलो आणि तिथून पोलादपूरला गेलो. नेहमी फाटकापर्यंत येऊन "किती रे वाळलास" म्हणणारी आक्का ओटीवर बसून होती. चहा झाला, आणि मी काही विचारण्याआधीच तिने जुन्या कॅलेंडरचे पान पुढे केले. पाठीवर पेन्सिलीने नावे. मागच्या रांगेची सतरा, ओळीने. म्हणाली, "रोज रात्री म्हणून बघते. अजून येतात. पण सगळे म्हणतात तर... तू खरं सांग, मी चुकते का रे?"

वाचकहो, त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. डोंबिवलीच्या भाच्याने फोटो मला आधीच दाखवला होता, आणि चूक मी डोळ्यांनी पाहिली होती.

"चल, मला दाखव," म्हणालो. संगणक लावला. आक्काने पणतीची ज्योत पहिल्या मुलावर नेली, नाव आले. कॅलेंडरवरचे पहिले नाव. दुसऱ्यावर नेली, दुसरे नाव. सतराच्या सतरा चेहऱ्यांवर सतरा नावे, एकही इकडची तिकडे नाही. भावोजींवर "हे आपले हे". आक्का माझ्याकडे बघत राहिली. मी खिशातून मोबाइल काढला आणि तोच फोटो तिच्या पडद्याशेजारी धरला. तिथे भावोजींवर भलतेच नाव! फोटो एक, नावे तीच, आणि दोन यंत्रे दोन साक्षी देत होती.

मोबाइलवरचा फोटो मी बोटांनी मोठा केला. जन्मभर नकाशे तपासलेल्या माणसाला माणसांआधी अंतरे दिसतात, हा दोष म्हणा की गुण. मागच्या रांगेत प्रत्येक तांबडा ठिपका कोणाच्या ना कोणाच्या कपाळावर कुंकवासारखा नेमका होता, म्हणून कोणाला संशय आला नाही. पण खुर्च्यांच्या रांगेत माणसे ऐसपैस बसलेली, आणि तिथे हेडमास्तरांचा ठिपका त्यांच्यावर नव्हता की शेजारच्या मास्तरांवर नव्हता. दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत लोंबत होता. सगळ्या रांगा पाहिल्या. प्रत्येक ठिपका चेहऱ्याच्या डावीकडे, किंचित वर, आणि अंतर सगळीकडे तेवढेच! मागच्या रांगेत दोन चेहऱ्यांमधले अंतर नेमके तितकेच असल्यामुळे तिथे प्रत्येकाचे नाव डावीकडच्या शेजाऱ्याला गेले होते. आणि डाव्या टोकाच्या मुलाला डावीकडे शेजारीच नव्हता. त्याचे नाव कुठे गेले? मी खांबाकडे पाहिले. खांबावर तांबडा ठिपका. बोट टेकले. खांबाने आपले नाव, आडनाव आणि "याचा आवाज गोड होता" एवढे सांगितले.

माणूस विसरला तर कसा विसरतो? कुठे एक, कुठे दोन, कुठे भलताच तिसरा. सगळ्यांना एकाच मापाने एकाच दिशेला विसरणारा मेंदू मी तरी ऐकलेला नाही. तसे विसरते ते यंत्र.

लगेच पुण्याला फोन लावला. "मामाआजोबा, असं होणंच शक्य नाही," नात म्हणाली, "मी स्वतः सगळं तपासलंय."

"कशाने तपासलंस? बाणाने की पणतीने?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग अगदी बारीक आवाजात, "बाणाने. पणती मी शेवटी घातली."

"आणि या पणतीचं टोक कुठे आहे?"

"अगं बाई!" एवढेच ती म्हणाली.

प्रकार असा. बाणाच्या जागी चित्र कितीही मोठे बसवा. कळ दाबली की यंत्राच्या लेखी मोजला जातो तो त्या चित्रातला एकच ठिपका. त्याला हॉटस्पॉट म्हणतात. स्लाइडरूलच्या काचेवरचा केस तो हाच. तो कुठे धरायचा हे चित्र बसवणाऱ्याने दोन आकड्यांत सांगायचे असते, डाव्या कडेपासून किती आणि वरून किती. नातीने पणती काढली त्या जातीच्या चित्राबरोबर हे आकडे दिले नाहीत, तर यंत्र डाव्या बाजूचा वरचा कोपरा धरते. बाणाचे टोक तिथेच असते म्हणून बाणाला ते खपून जाते. पणतीची ज्योत मात्र मधोमध. आक्का ज्योत भावोजींच्या चेहऱ्यावर धरी आणि यंत्र 48 ठिपके डावीकडच्या रिकाम्या कोपऱ्यात बोट टेके. तिथे होता तो वांड पोरगा. पुढे आक्का पडताळा पाही तीही त्याच पणतीने; ज्या तराजूने तोलले त्यानेच पुन्हा तोलावे तसे. म्हणून तिला सारे बरोबर दिसे. मोबाइलवरच्या बोटाला कोपरा नव्हता, म्हणून जगाला सारे चूक दिसे. आणि पोरीने पणती मोठी केली नसती, नेहमीचे 32 ठिपके ठेवले असते, तर चूक 16 ठिपक्यांची राहिली असती आणि नाव ज्याचे त्याच्याच कानापाशी पडले असते! आजीला दिसावे म्हणून जे मोठे केले त्यानेच आजीला चुकवले.

दुरुस्ती पाच मिनिटांची होती, तरी त्यातही एक मेख होती. नुसती पणती सरळ केली असती तर जुन्या खुणा चुकीच्याच राहून आता आक्कालाही चुकीच्या दिसल्या असत्या. म्हणून नातीने पणतीला आडवे 48 आणि उभे 10 असे आकडे दिले आणि त्याच वेळी फोटोतल्या सगळ्या खुणा तितक्याच उजवीकडे व खाली सरकवल्या. मी मोबाइल पुन्हा उघडला. हेडमास्तर आपल्या खुर्चीवर. खांब मुका. भावोजी भावोजींच्या जागी.

आक्काला सगळे समजावून सांगितले. तिला त्यातले किती कळले देव जाणे, पण तिने विचारले ते असे : "म्हणजे ज्योत एकीकडे आणि उजेड दुसरीकडे, होय ना?" मी म्हटले, अगदी तसेच. "मग पोरीला रागावू नको," म्हणाली. मी कुठला रागावतो! ड्राफ्ट्समन म्हणून एकदा उत्तरदिशेचा बाण उलटा काढून आख्खी शाळा पाठमोरी बांधायला निघालेला माणूस मी.

संध्याकाळी भाचा दुकानातून आला. काही बोलला नाही. पासबुक आणि किल्ली देवाजवळ ठेवून हातपाय धुवायला गेला. आक्काने किल्ली उचलून कमरेला खोचली आणि मला म्हणाली, "भाकरी टाकते, बस."

यंदा पणती ठेवायची की साधा बाण आणायचा, हे नातीने आजीवर सोपवले. माझे मत बाणाच्या बाजूला होते आणि मी ते दिलेही. आजी म्हणाली, "पणती राहू दे, फक्त सरळ धरा." तेव्हा पणती आहे; पण नव्या फोटोंवर नावे घालायच्या वेळी ती विझते आणि आक्काच्या सवयीचा काळा मोठा बाण परत येतो. एवढे माझे ऐकले.

आणखी एक राहिले. भावोजींच्या चौकटीत आता पूर्ण नाव घालू या, असे नात म्हणत होती. वडिलांचे नाव, आडनाव, सगळे रीतसर. आक्काने तिचा हात धरला. ते असू दे तसेच, म्हणाली. तेव्हा आमच्या घरच्या त्या फोटोत मागच्या रांगेत, उजवीकडून पाचव्या मुलावर ज्योत नेली, की अजूनही येते ते एवढेच : "हे आपले हे".